कुरमुरेचा फाटका कोट

९ नोव्हेंबर, रविवार

दुकान अर्धा दिवस. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणजे असायला हवी. सकाळपासून दोन माणसं आली. एकाला पँट कमरेत सैल करून हवी होती. दुसऱ्याला पत्ता विचारायचा होता. समोरच्या रेडिमेड शेरवानीच्या शोरूमचा.

दुपारी हिबा आली. वाटलं, लेक डबा घेऊन आली. डबा नव्हता. काळ्या साटीनचे उरलेले तुकडे आहेत का विचारत होती. कशाला, तर कॉनला जायचंय. मी समजलो कॉन्फरन्स. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असतील, चांगली गोष्ट आहे. मग कळलं की कॉन म्हणजे कन्व्हेन्शन आणि कन्व्हेन्शन म्हणजे जपानी कार्टूनवाल्यांची जत्रा. मुलं कार्टूनसारखे कपडे घालून जमतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि घरी येतात. त्यासाठी तिकीट काढतात. ही जत्रा आपल्या नवीन पनवेलमध्येच, मंगल कार्यालयात, चौदा डिसेंबरला.

ती म्हणाली कार्टून नाही, ॲनिमे. फरक काय तो तिने समजावून सांगितला. मला पटला नाही, कारण मी ऐकत नव्हतो.

ठराव: परवानगी द्यायची नाही. बापाने एकदा तरी ठाम राहावं.

जेवताना बायकोला, बिल्कीसला, ठराव सांगितला. तिने परवानगी मागच्याच आठवड्यात देऊन टाकली होती. म्हणून मग मीही दिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरात जळक्या प्लास्टिकचा वास. हिबा खोलीत पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन बसली होती. त्यातून गरम गोंद निघतो. त्या गोंदाने ती कोट करतेय. शिवत नाही, चिकटवते. खांद्यात फोम भरलाय, तोही योगासनाच्या सतरंजीचा.

माझ्या मरहूम अब्बांनी उरणपासून रोह्यापर्यंतचे नवरदेव सजवले. त्यांच्या नातीने बाही चिकटवली. पाहून मला खुर्ची घ्यावी लागली.

मी शिवून देतो म्हणालो. तिने नको म्हटलं. अदबीने म्हटलं, पण नको म्हटलं. तिचं म्हणणं, मी बदल करतो. उदाहरण म्हणून शाळेचं गॅदरिंग काढलं. तेव्हा तिला झाड व्हायचं होतं आणि मी झाडाला कॉलर लावली होती. मला आजही त्यात चूक दिसत नाही. झाड नीटनेटकं दिसत होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फक्त कोटाचा अभ्यास करायचा म्हणून त्या मालिकेचा पहिला भाग दुकानात मोबाइलवर पाहिला. मालिकेचं नाव इतकं लांब आहे की तेवढ्यात बटणाचं एक काज होईल. नायक कुरोमुरा का कोण. मी त्याला कुरमुरे म्हणतो. निळे केस, हनुवटी सुईसारखी, डोळे बशीएवढे. घोट्यापर्यंत काळा कोट.

निरीक्षणं. कोटाची डावी बाही आखूड. बटणं बायकांच्या बाजूला. पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेली, आणि कुणी काही बोलत नाही. वारा नसताना कोट फडफडतो. वार करण्याआधी हा माणूस वाराचं नाव ओरडून सांगतो आणि समोरचा उभा राहून ऐकून घेतो. आमच्या मच्छी मार्केटातली भांडणं याहून लवकर उरकतात.

एवढ्यावर मत बनवता आलं. पुढे बघायची गरज नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा, तिसरा आणि चौथा भाग पाहिला. एका भागावर मत बनवणं अन्यायाचं झालं असतं.

तिसऱ्या भागात कोट चिखलात बुडतो. चौथ्यात स्वच्छ. धुतला कुणी? फाटकी पाठ मात्र तशीच. धुणारा सापडतो, शिवणारा सापडत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काशीराम अब्बांच्या काळापासून आमच्याकडे मशीनवर बसतो. सुकापूरच्या पुढे त्याचं गाव. माणूस सरळ, पण जिज्ञासा फार. माझ्या मागे उभा राहून तोही ती मालिका बघत होता, हे मला माहीत होतं. आज कळलं की तो घरी नातवाच्या मोबाइलवर माझ्या पुढे गेलाय. मालकाच्या पुढे जायचं नसतं, एवढी समज त्याला हवी होती.

मी अकराव्या भागावर होतो. तो काज करता करता शांतपणे बोलून गेला की आता मागली गोष्ट दाखवतील, तिच्यात कुरमुरेचा थोरला भाऊ मरणार हाय, एकाच तलवारीने भाऊ मरतो आणि याची पाठ फाटते, म्हणून तर हा कोट शिवीत नाय.

दुपारपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. गोष्ट फोडली म्हणून नव्हे. कामाच्या वेळेत बोलला म्हणून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठराव: मालिका आजपासून बंद. धंद्याकडे लक्ष.

कारण असं की सुकापूरच्या जगन पाटलांच्या मुलाची, सुरजची, शेरवानी ट्रायलला होती. घालून पाहिली तर डावी बाही चार बोटं आखूड. आता हे कापडाच्या स्वभावामुळे होतं. काही कापडं एका बाजूने जास्त ओढ घेतात. तसं मी सांगितलं. बाहेर हल्ली अशीच स्टाइल आहे, हेही सांगितलं. सुरज आरशात बघत राहिला. जगनशेठनी विचारलं, बाहेर म्हणजे कुठे. जपान म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

बापलेक समोरच्या शोरूममध्ये गेले. जाताना मला दिसू नये म्हणून कोपऱ्यावरून वळसा घालून गेले. तेवढी माणुसकी अजून आहे.

काशीराम खाली बघून हसत होता, पण ते मालिकेमुळे असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बारावा भाग. भाऊ मेला. मला अगोदरच माहीत असल्यामुळे काही वाटलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते हिबाच्या गोंदाच्या वासाने. दुकानात तो वास नसतो हे खरं आहे, पण कपड्यांत राहतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हिबा कॉलेजात असताना तिचा कोट नीट पाहिला. हँगरला लटकवलाय. डावी बाही मुद्दाम आखूड. पाठ ब्लेडने मुद्दाम फाडलेली आणि फाटलेल्या कडांना राखाडी रंग. पोरीने मेहनत केलीय. मेहनतीने कपडा बिघडवलाय.

तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. मी शिवणार. तिला न सांगता. चौदा तारखेला सकाळी तिच्या हातात खरा कोट ठेवायचा. नको म्हणते ती वरवर. टेलरची मुलगी आहे, अंगावर चांगली शिलाई पडली की विषय संपेल.

कापडाचा प्रश्न नाही. माझ्या भावाने, अझहरने, कुवेतहून पाठवलेलं काळं इटालियन सुटिंग कपाटात आहे. हिबाच्या निकाहला माझा सूट शिवायचा म्हणून राखलेलं. निकाह अजून लांब आहे. बाप तेव्हा जुना सूट घालेल, कोण बघतं बापाकडे.

बिल्कीसला सांगितलं. तिने विचारलं, हिबाने मागितलाय का. बायकांना सरप्राइज म्हणजे काय ते कळत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

कटिंग झालं. असं कापड कात्रीखाली आलं की हात आपोआप सावकाश होतो.

कुरमुरेच्या कोटात केलेल्या सुधारणा: दोन्ही बाह्या सारख्या. बटणं योग्य बाजूला. घेर कमी, नाहीतर जिन्यात पाय अडकेल. आत पूर्ण अस्तर. आणि पाठ अखंड.

पाठीबद्दल मी बराच विचार केला. त्याला भावाचं दुःख आहे, मान्य. मलाही अब्बांचं आहे. ते गेले त्याच आठवड्यात त्यांची अर्धी राहिलेली सगळी कामं मी पुरी करून गिऱ्हाइकांना पोचवली. फाटके कपडे घालून पनवेलभर फिरलो नाही. दुःख आत ठेवायचं असतं, अस्तरासारखं. जपानी लोकांना कुणी सांगत नाही.

काशीरामला पाठ दाखवली. तो म्हणाला, "शेट, फाटका नाय तर कुरमुरे कसा वलखायचा?" मी म्हणालो, फिटिंगवरून.

९ डिसेंबर, मंगळवार

मोठी कल्पना सुचली. जत्रेत शेकडो मुलं येणार, सगळी चिकटवलेल्या कपड्यांत. म्हणजे एकाच छपराखाली शेकडो गिऱ्हाइकं, ज्यांना आपण उघडे आहोत हे अजून कळलेलं नाही. हिबा स्टेजवर जाईल, लोक विचारतील हा कोट कुणाचा, आणि मी तिथे असेन. नवीन व्हिजिटिंग कार्डं छापायला दिली: शाहीद टेलर्स, सूट, शेरवानी व ॲनिमे स्पेशालिस्ट. छापणाऱ्याने ‘ॲनिमिया’ छापून दाखवलं. दुरुस्त करून घेतलं.

पुढच्या वर्षी कळंबोलीला दुसरी शाखा काढायला हरकत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जुम्याच्या नमाजनंतर शेवटची हातशिलाई केली. कोट झाला. स्वतःच्या कामाबद्दल बोलू नये, पण इथे कोण वाचतंय. आयुष्यात असा कोट शिवलेला नाही. काशीरामने हात धुऊन मग हात लावला.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी

हिबा तिच्या मैत्रिणीकडे, सुकापूरच्या हेतलकडे, केसांचा टोप विंचरायला गेलीय. टोप विंचरायला. असो.

तिचा चिकटवलेला कोट हँगरवर आहे. उद्या तो घालायचा नाहीच, पण चुरगळलेला दिसतोय. या घरातून आजवर इस्त्री न केलेला कपडा बाहेर गेलेला नाही. हलका हात फिरवतो. तिला कळणारही नाही.

त्याच दिवशी, दुपारी

गोंद उष्णतेने वितळतो हे बनवणाऱ्यांनी कुठेतरी लिहायला हवं होतं.

आधी डावी बाही आली, इस्त्रीबरोबरच. ती सोडवायला गेलो तर खांदा आला. फोम आक्रसून सुकटासारखा झाला. बिल्कीस दारात येऊन उभी राहिली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि परत गेली.

माझं मत ठाम आहे. जो इस्त्री सोसत नाही तो कपडाच नव्हे.

संध्याकाळी

हिबा आली. मला वाटलं आरडाओरडा करेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती खाली बसली आणि एकेक तुकडा उचलून पिशवीत भरत राहिली. राखाडी रंग दिलेली ती फाटकी कड वेगळी काढून हातात धरली, मग तीही पिशवीत टाकली.

मी माझा कोट आणला. तिने कापडावरून हात फिरवला. अस्तर पाहिलं. मग उलटा करून पाठ पाहिली, बराच वेळ. म्हणाली, ठीक आहे अब्बा.

आवडलाय. एकदम दाखवत नाही, स्वभाव माझ्यावर गेलाय.

१४ डिसेंबर, रविवार

मीही तिकीट काढून गेलो. कार्यालय ओळखीचं, इथले कितीतरी नवरदेव माझ्या शिलाईत उभे राहिलेत. दारावरच्या फुलांत कालच्या वधूवरांची नावं अजून होती. त्याखालून शेपट्या लावलेली मुलं आत जात होती.

दारात कोल्ह्याचे कान लावलेली एक मुलगी पुठ्ठ्याच्या तलवारी तपासत होती. धार आहे का, टोक आहे का. माझ्या जाकिटात खरी कात्री होती. मला तिने नमस्कार करून आत सोडलं.

आतलं काय लिहू. पोरं रांगेत उभी राहून दुसऱ्या पोरांबरोबर फोटो काढून घेत होती. एकाने अंगावर पुठ्ठ्याचं अख्खं यंत्र चढवलं होतं. त्याला बसता येत नव्हतं, म्हणून त्याचे वडील त्याला उभ्या उभ्या वडापाव भरवत होते. जेवणाच्या हॉलमध्ये बिल्ले, चित्रं आणि रबरी बाहुल्या विकायला. सगळे एकमेकांना जपानी नावांनी हाका मारत होते आणि पलीकडून उत्तर मराठीत येत होतं. एक शिलाई धड नाही. मी प्रत्येकाच्या काखेत बघत होतो, लोक दूर सरकत होते.

पण नाव होणं म्हणजे काय ते आज कळलं. मी गळ्यात टेप टाकून, जाकिटाला टाचण्या लावून उभा होतो. मुलं आपणहून आली, फोटो काढू का विचारलं. एकामागून एक. एकाने वाकून सलाम केला. मी प्रत्येकाला कार्ड दिलं. ती ते दोन्ही हातांनी घेत होती आणि खूश होत होती. बाजारात मला कुणी विचारत नाही, आणि इथे रांग. गुणवत्तेला उशिरा का होईना, माणूस भेटतो.

हिबाकडे मात्र कुणी येत नव्हतं. तिने निळा टोप घातला होता, कोट तिला असा बसला होता की खांद्यावर एक सुरकुती नाही. एका मुलाने तिला विचारलं, तू वकील आहेस का. मी त्याला सांगितलं की चांगल्या वकिलाचा कोट असाच असतो. हिबा दुसरीकडे बघत होती. पलीकडे कळंबोलीची एक मुलगी, तीही कुरमुरे. कोट जुन्या पडद्याचा, पाठ पार फाटलेली. तिच्याभोवती ही गर्दी.

स्पर्धा सुरू झाली. स्टेजवर नवरानवरीच्या सोफ्यावर तीन परीक्षक. हिबाचा नंबर जवळ आला तेव्हा ती रांगेतून माझ्याकडे आली. माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "अब्बा, पाठ फाडून द्या."

मी कात्री काढली. काढली हे खरं आहे.

कात्री खांद्यापाशी नेली. तिथे मी हाताने घातलेले टाके होते. मी तिला समजावलं की हे कापड पुन्हा मिळणार नाही, आणि असं घाईत फाडलं तर कड वाकडीतिकडी जाईल. आधी खडूने रेघ मारून घेऊ, मग तिरकं कापू, म्हणजे फाटलं तरी नीट फाटेल. ती म्हणाली, नीट नकोय. मी खडू काढला. खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ मारली. रेघ जरा सरकली म्हणून पुसून परत मारली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

ती तशीच गेली.

परीक्षकांनी विचारलं, कोणती भूमिका. तिने सांगितलं. त्यांनी पाठ दाखवायला सांगितली. ती वळली. सगळ्या हॉलसमोर अखंड काळी पाठ आणि तिच्यावर माझी खडूची रेघ. कुणीतरी हसलं. परीक्षकांनी विचारलं, फाटलेलं कुठे आहे. हिबा म्हणाली, "माझ्या अब्बांनी शिवलाय." एवढंच म्हणाली. त्यातल्या एका बाईंनी शिलाई सुंदर आहे असं सांगितलं आणि कागदावर काहीतरी लहानसं लिहिलं.

पहिला नंबर कळंबोलीच्या पडद्याला. परीक्षकांना कापडातलं शून्य कळतं.

परत येताना हेतल बरोबर होती. रिक्षात तिने सांगितलं की अंकल, तुम्ही फेमस झालात. त्या मालिकेच्या पुढच्या भागांत एक म्हातारा नूडल्सची गाडी लावतो, गळ्यात पिवळा टॉवेल असतो. सगळ्यांना मी तो वाटलो. टेप त्यांना टॉवेल वाटला. कार्ड म्हणजे त्याच्या गाडीचं कूपन.

हिबा रस्ताभर बाहेर बघत होती. दमली असेल.

१७ डिसेंबर, बुधवार

कोट घडी करून दुकानात माझ्या मशीनवर आला. पाठीवरचा खडू ब्रशने काढलेला. हिबाने वेळेवर डबा आणून दिला, नीट बोलली, कॉनचं नाव काढलं नाही. म्हणजे खूळ उतरलं. बापाने अडवण्यापेक्षा अनुभव येऊ द्यावा, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

कार्डावरच्या नंबरवर एक फोन आला. पलीकडून कुणीतरी एक प्लेट नूडल्स मागितल्या आणि हसून फोन ठेवला.

२४ डिसेंबर, बुधवार

घरात गोंदाचा वास नाही. छान. हिबाच्या खोलीतलं पिस्तूल, फोम, रंग, टोप, काही दिसत नाही. ती रोज संध्याकाळी हेतलकडे जाते, अकाउंट्सच्या अभ्यासाला.

बिल्कीसला म्हणालो, बघ, सुधारली. बिल्कीस भाकरी थापत होती. म्हणाली, फेब्रुवारीत दुसरं कॉन आहे, सगळं सामान तिने हेतलच्या घरी नेऊन ठेवलंय.

आमच्या घरात जागा कमी पडते हे खरं आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

आज कोट टेबलावर पसरला. काशीरामला चहा प्यायला पाठवलं. खांद्याच्या टाक्यापासून सुरुवात केली. खडू घेतला नाही. आधी कात्रीने थोडं कापलं आणि मग हातांनी ओढलं, कमरेपर्यंत. चांगलं कापड फाटताना आवाज मोठा येतो. काशीराम दारातच उभा होता, गेलाच नव्हता.

हे मी कोणासाठी केलं असं नाही. कापड कसं फाटतं ते बघायचं होतं. धंद्यात माहीत असावं लागतं.

घरी नेऊन हिबाला दाखवला. डावी बाहीही आखूड केली होती. तिने हातात घेतला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, अगदी तसाच झालाय अब्बा. मग म्हणाली की यावेळी ती कुरमुरे करत नाहीये, दुसरं कॅरेक्टर करतेय. म्हणाली, तुम्ही ठेवा.

कपाटात ठेवला.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी हेतल दुकानात आली. एकटीच. एक लाल जाकीट शिवायचं होतं, कापड तिने आणलं होतं. कुणाचं, तर तिच्या कझिनचं. कझिन भावनगरला असते. मापं मोबाइलवर होती. ती वाचत गेली, मी लिहीत गेलो. छाती लिहिली. खांदे लिहिताना थांबलो. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता, असं ती वाचत होती. भावनगरचं मला माहीत नाही. पनवेलमध्ये असा खांदा एकच आहे, आणि तो पाळण्यात होता तेव्हापासून माझ्या ओळखीचा आहे.

हेतल वाचत राहिली. मीही पुढचं लिहिलं.

मग तिने चित्र दाखवलं. जाकिटाला डाव्या बाजूला एक खिसा, पार तिरका. मी तोंड उघडायच्या आत तिने मोबाइलवरून वाचलं, "खिसा वाकडाच हवा. टेलरने स्वतःचं काही सुचवू नये." वाचून झाल्यावर तिचे कान लाल झाले. म्हणाली, अंकल, कझिननेच असं लिहून पाठवलंय.

मी म्हणालो, गिऱ्हाइकाचं सगळं आम्ही ऐकतो. ट्रायलला कधी येणार, विचारलं. ती म्हणाली, ट्रायलची गरज नाही.

पावती भावनगरच्या नावाने केली. काशीराम माझ्याकडे बघत होता. त्याला दोरा आणायला पाठवलं.

संध्याकाळी जेवताना हिबाने विचारलं, दुकान कसं चाललंय. मी सांगितलं, बरं आहे, भावनगरची एक ऑर्डर आलीय. ती ताटाकडे बघत म्हणाली, जमेल ना? मी म्हणालो, सांगितलंय तसं करून देणार. बिल्कीसने दोघांकडे पाहिलं आणि मला न विचारता आणखी भात वाढला.

खिसा सरळच चांगला दिसला असता. हे फक्त इथे लिहितो.